कवडू मास्तरांची पट्टी

परवा माझा भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. तो एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. चहा घेता घेता म्हणाला, "मामा, सगळा हिशेब टेपांवर नीट उतरवून ठेवलेला आहे, पण नवं यंत्र जुन्या टेपा वाचतच नाही. कम्पॅटिबल नाहीत म्हणे." मला हसू आलं आणि तो चिडला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला यातलं काय कळतंय. अरे बाबा, तुझ्या बँकेत टेप यायच्या आधी माझे केस या भांडणात पांढरे झाले आहेत. जुनी टेप आणि नवं यंत्र ही सासू-सुनेची जोडी आहे. दोघी आपापल्या जागी चांगल्या असतात, एका घरात आल्या की बिघडतं.

म्हणून या दिवाळी अंकासाठी संपादकांनी "तुमच्या नोकरीबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. नोकरी कशी लागली, बढती कुठं अडली, हे रडगाणं मी लिहिणार नाही. ते वाचून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मी सरकारी प्रचारगाडीवर मेकॅनिक होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता. म्हणजे वर चिमूरपासून खाली सिरोंच्यापर्यंत सगळं रान एकाच गाडीच्या वाट्याला. हिवतापाचा सिनेमा दाखवायचा, धानाला खत कसं द्यावं याचं भाषण ऐकवायचं आणि गावात कुणी गाणारा, सांगणारा भेटला तर त्याचा आवाज यंत्रात भरून आणायचा. हे शेवटचं काम मला सगळ्यांत आवडायचं.

टेप म्हणजे काय, हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी माझ्या पद्धतीने सांगतो. एक लांबलचक पट्टी असते. आमच्या वेळी जुनी असेल तर कागदाची, नवी असेल तर प्लास्टिकची. तिच्या एका अंगाला तपकिरी भुकटी चोपडलेली असते, लोखंडाच्या गंजासारखी. आवाजाने त्या भुकटीत लोहचुंबकाच्या खुणा उठतात आणि पट्टी पुन्हा यंत्रातून नेली की त्या खुणांचा आवाज होतो. सिरोंच्याकडे एका डाकबंगल्यात आमच्या कारकुनाने नीट जागा बघून टेपांची चवड भोंग्याच्या मागच्या चुंबकाला लावून ठेवली होती. आठवड्याभराचं काम कोरं झालं. तो बिचारा मला विचारतो, "पण मी तर हातसुद्धा लावला नाही हो!"

आणि लोक तऱ्हेतऱ्हेचे. चिमूरकडच्या एका माजी मालगुजाराने तासभर भाषण भरून घेतलं. ऐकवल्यावर त्याचा चेहरा उतरला. "हा आवाज माहा नाई," म्हणाला. मी म्हटलं, दादासाहेब, आपणच बोललात. "म्या बोललो थो भारी होता. हा तर पोट्ट्यासारखा किरकिरून राह्यला. तुमचं यंत्र खराब आहे." आपला आवाज आपल्याला कवटीतून ऐकू येतो, जगाला हवेतून ऐकू जातो, हे मी त्याला समजावत बसलो. तो शेवटपर्यंत मानला नाही. असल्या तक्रारींना मी सरावलो होतो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या प्रकरणात मी जो घोटाळा केला तो या सरावामुळेच झाला.

पट्टी हा आमच्याकडे टेपचा गावठी शब्द. फीत म्हणायचं असं वरून पत्रक आलं होतं, पण ते पत्रकातच राहिलं. खेड्यात गेलो की पोरंसोरं "पट्टीवाला आला" म्हणून ओरडायची, आणि मीही दिवसभर पट्टी आण, पट्टी लाव, पट्टी तुटली हेच बोलायचो.

कवडू मास्तर आले ते धानाची कापणी तोंडावर आली असताना. मूल आणि सिंदेवाहीच्या मधे कुठंतरी त्यांचं गाव. शाळामास्तर नव्हेत, नाटकाचे मास्तर. आमच्या झाडीच्या मुलखात दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. आजूबाजूच्या गावांचे पाहुणे येतात आणि नाटक होतं. ज्या गावाचं नाटक चांगलं त्या गावाला सोयरीकसुद्धा चांगली मिळते, असं लोक थट्टेने म्हणतात, पण ती निव्वळ थट्टा नाही. मास्तरांनी गावाच्या मंडळींसाठी स्वतः नाटकं लिहिली, पदं रचली, चाली बांधल्या आणि स्वतः गायली. भोंगा नसताना त्यांचा आवाज तलावाच्या पाळीपर्यंत जायचा, असं मी कितीतरी लोकांकडून ऐकलेलं.

तो माणूस चांद्याच्या कचेरीत माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला तेव्हा गळ्याभोवती मफलर होता आणि तोंडातून नुसती हवा येत होती. नागपूरला गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. सोबत त्यांची मुलगी अनसूया होती, पंचविशीची, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. तिच्या डोक्यावर कापडात बांधलेली बाजाची पेटी होती. मास्तर तिच्या कानाशी कुजबुजायचे आणि ती मोठ्याने सांगायची.

"बाबा म्हनतेत, गानं हाये, गळा नाई राह्यला."

मग मास्तरांनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात जरीचा शेला, शेल्यात कडुलिंबाचा पाला आणि पाल्यात टेपचं चाक. कागदाची टेप. मी ती उजेडात धरून पाहिली, कारण कागद आमच्या पावसाळ्यात टिकत नाही.

झालं होतं असं. चार-पाच वर्षांपूर्वी एक अमेरिकन अभ्यासक दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, आणि नाटकाची गाणी भरून घ्यायला चांद्याला आला होता. त्याने मास्तरांना डाकबंगल्यावर बोलावून गाऊन घेतलं. मास्तरांनी अट घातली की माझं एक गाणं माझ्याजवळ राहिलं पाहिजे. त्या भल्या माणसाने एक चाक देऊन टाकलं. घरी यंत्र नाही, वीज नाही, तरी मास्तरांनी ते देवासारखं जपलं. ते पद त्यांच्या नाटकातलं शेवटचं, निरोपाचं: "नको उडू पाखरा, धुऱ्यावरी थांब जरा". धुरा म्हणजे शेताचा बांध. ते पद झाल्याशिवाय लोक उठत नसत.

"यंदा मंडईले नाटक कोन गाईन, असा सवाल पडला," अनसूया म्हणाली. "पंच म्हनतेत, मास्तर नाई तर दुसऱ्या गावची मंडळी आनू. म्या म्हटलं, मी गातो. तर म्हनतेत, बाई टेजवर नोको. मंग आखरीले कबूल झाले का पेटीमागं बसून गाय, पोट्टा टेजवर तोंड हालवन. पन शेवटचं पद आलं पाह्यजे."

"मग मास्तर पेटीवर शिकवतील की," मी म्हणालो.

मास्तरांनी मान हलवली आणि हाताने हवेत एक लांब वळण काढलं. अनसूयाने सांगितलं, "पेटीवर पायऱ्या असतेत जी. बाबाचं गानं घसरत येते. थे पेटीवर निंगत नाई."

एकदा दुसऱ्या गावची मंडळी मंडईला आली की आपला पडदा पुन्हा वर जात नाही, हे तिने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबा त्याच्या धास्तीने जेवत नव्हते.

आमचे साहेब दौऱ्यावर होते, म्हणून विचारायचं कुणाला हा प्रश्नच नव्हता. मुंबईहून नुकतं आलेलं मोठं यंत्र मी मांडलं, टेप लावली, बटण दाबलं. आणि काय सांगू! भोंग्यातून मैनेचा कलकलाट आणि त्याच्यातच कुणीतरी उलटं बोलतंय असा आवाज. अनसूयाने तोंडावर पदर घेतला. मास्तर माझ्याकडे बघत राहिले.

मी लगेच बंद केलं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, दोन गोष्टी जुळत नव्हत्या एवढंच. पहिली म्हणजे वेग. जुन्या यंत्राने टेप सावकाश ओढून गाणं भरलं होतं, आमचं नवं यंत्र तीच टेप दुप्पट वेगाने ओढत होतं. दुसरी म्हणजे रुंदी. जुनं यंत्र पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात एकदा भरायचं, मग चाक उलटवलं की खालच्या अर्ध्यात दुसरं काही भरायचं. आमचं यंत्र अख्खी रुंदी एकदम वाचायचं. पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून तो उजेडात धरला तर जसं दिसेल तसं आम्हाला ऐकू येत होतं.

रुंदीचा इलाज सोपा निघाला. टेप ज्याला घासून जाते ते यंत्राचं वाचणारं डोकं, त्याच्याखाली दोन चकत्या टाकल्या. डोकं वर उचललं गेलं आणि टेपचा खालचा अर्धा भाग त्याच्या समोरच आला नाही. वेगाला मात्र लेथ लागणार होती. टेपला ओढतो तो एक फिरता दांडा असतो, त्यावर पितळेची टोपी. टोपी जितकी जाड तितकी टेप जास्त ओढली जाते. मी खाणीच्या वर्कशॉपातल्या ओळखीच्या टर्नरकडे सायकल मारली आणि अर्ध्या जाडीची टोपी कातून आणली. आमच्याच एका जुन्या तुकड्यावर चालवून बघितली, मग मास्तरांची टेप लावायला घेतली.

तेव्हा दिसलं की वाचणाऱ्या डोक्यावर तपकिरी भुकटीचा थर बसलाय. एकदाच चालवली होती, तेवढ्यात कागदाने अंगावरचं सोडायला सुरुवात केली होती. मी बोटावर ती भुकटी घेऊन मास्तरांना दाखवली. म्हटलं, "मास्तर, हे तुमचं गाणं आहे. दर खेपेला एवढं झडणार. फार वेळा नाही चालणार ही." मास्तरांनी माझं बोट धरलं आणि बराच वेळ बघितलं.

दुसऱ्यांदा लावली ती दुपारी. आणि गाणं आलं! खरखर होती, पण त्यातून आवाज असा वर आला की शेजारच्या खोलीतला टायपिस्ट टंकणं थांबवून दारात येऊन उभा राहिला. पहिल्या कडव्यालाच अनसूयाचे ओठ हलायला लागले. दुसऱ्या कडव्याला ती हळू आवाजात सोबत गात होती. जिथं आवाज "थांब जरा" वर घसरत खाली यायचा तिथं तीही घसरत आली. मला गाण्यातलं कळत नाही. गाण्याशी माझा संबंध आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीपुरता. पण माझे हात जोडले गेले, इतकं ते छान होतं.

मी मोठ्या अपेक्षेने मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठ्या. ते पुढे झुकले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःच फुसफुसले, "पट्टी बदलली, भाऊ."

"काय?"

"पट्टी बदलली. हे माही पट्टी नाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सकाळपासून उन्हात सायकल हाणली, साहेबांना न विचारता सरकारी यंत्र उघडलं, आणि हा माणूस म्हणतो मी त्याची टेप बदलली! मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या डब्यातून काढली, तुमच्या डोळ्यांसमोर लावली. माझ्याजवळ कागदाची दुसरी टेप नाहीसुद्धा. मी काय चोर आहे?" त्यांनी दोन्ही हात हलवून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण आवाज कुठं होता? मी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतोच. मालगुजारासारखाच हाही एक, आपला आवाज ओळखू न येणारा, असं मी धरून चाललो. शेल्याचा एक जरीचा धागा चाकाला अडकलेला होता, तो काढून त्यांच्यापुढे धरला. "हा बघा तुमचा शेला. अजून काय पुरावा देऊ?"

मास्तर उठले आणि मफलर आवळत बाहेर जाऊन पायरीवर बसले. पाठ माझ्याकडे.

अनसूया मधल्या मधे उभी. तिला कुणाची बाजू घ्यावी कळेना. मग तिने कापड सोडून पेटी काढली, जमिनीवर ठेवली आणि भाता हलवून एक पट्टी दाबली.

"भाऊ, आयका. हे बाबाची पट्टी. काळी दोन. आयुष्यभर थे काळी दोनमधीच गायले." मग तिने बोट उचलून पुढची काळी दाबली. "आन यंत्र हे गाऊन राह्यलं. काळी तीन. गानं थेच, टेप थेच. पट्टी बदलली."

मी डोक्याला हात लावला. गवई ज्याला पट्टी म्हणतो ती पट्टी! सुराची उंची. सबंध जिल्ह्यात टेपला पट्टी म्हणणारा मी, आणि त्याच शब्दावर आमचं जुंपलं होतं. मी बाहेर जाऊन मास्तरांच्या शेजारी पायरीवर बसलो. त्यांना सांगितलं, "माझ्या धंद्यात पट्टी म्हणजे टेप हो." त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाजाशिवाय. हसताना त्यांना ठसका लागला आणि मी पाणी आणायला धावलो.

आता खरा प्रश्न उरला. टोपी अचूक कातलेली होती, मग सूर चढला कसा? मी त्यावर चहाचे कितीतरी कप घालवले. मग एकदम आठवलं. त्या अमेरिकन माणसाचा एक डबा मीच दुरुस्त केला होता. त्याच्या देशात विजेचा दाब आपल्या निम्मा, म्हणून दाब कमी करायचा तो डबा त्याने बरोबर आणला होता. पण दाब हा एक भाग झाला. वीज हेलकावे खात येते. तिकडे सेकंदाला साठ, आपल्याकडे पन्नास. त्याच्या यंत्राची मोटर त्या हेलकाव्यांवर पावलं टाकणारी. चांद्याच्या विजेवर ती पावलं सावकाश पडली आणि टेप तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा हळू गेली. त्याच्याच यंत्रावर तिथल्या तिथे वाजवलं तेव्हा तितक्याच हळू वाजलं, म्हणून कुणाला संशय आला नाही. आमचं यंत्र आपल्या विजेसाठीच बनलेलं. त्याने ती टेप ठरलेल्या वेगाने ओढली आणि सूर चढला, लयही जलद झाली. दोष कुणाचाच नव्हता.

मी टोपीला पॉलिशपेपर लावून ती थोडी थोडी झिजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची टेप अगदी एका ओळीपुरती लावली, अनसूयाने पेटीवर काळी दोन धरली. अजून जरा चढं होतं. पुन्हा झिजवली. मग जुळलं. पेटीसारखं मापाचं यंत्र मला सरकारने कधी दिलं नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणालो.

तिसऱ्यांदा पूर्ण गाणं लावलं. या वेळी आवाज भारदस्त होता, सावकाश होता. मास्तरांनी पहिल्या ओळीलाच डोळे मिटले आणि हात गळ्यावर ठेवला, मफलरच्या वरून. त्यांच्या ओठांची हालचाल गाण्याबरोबर होत होती. डोळ्यांतून पाणी वाहून मिशीत उतरत होतं आणि ते पुसत नव्हते. मी मनात म्हटलं, याला म्हणतात काम. आज आपल्या हातून एक धड काम झालं.

गाणं संपलं तेव्हा लक्षात आलं की अनसूया गात नव्हती.

"काऊन?" मास्तरांनी ओठांनीच विचारलं.

"मले नाई जमत, बाबा. खालचे सूर माह्या गळ्यात नाईत. कालच्यात बसत होतं थे. यात म्या जागा धराले जातो तं आवाजच निंगत नाई. आन संगं गाल्याबिगर थे घसरनं गळ्यात बसत नाई."

तिने पुन्हा प्रयत्न केला. "थांब जरा" ला आवाज खाली गेला आणि विरून गेला. बापाची काळी दोन तिला झेपत नव्हती. काळी तीन तिची होती, आणि ती मी झिजवून टाकली होती.

मी यंत्राच्या डोक्यावरची भुकटी पुसली. फडकं तपकिरी झालं. टेप उजेडात धरली तर सुरुवातीच्या भागात कागद पांढुरका दिसायला लागला होता. तेव्हा मी मास्तरांना समोर बसवून सरळ सांगितलं. नागपूरला दुसरं यंत्र आहे. साहेब परतले की अर्ज करून ते मागवतो. दोन यंत्रं शेजारी ठेवली की एका खेपेत गाणं नव्या टेपवर उतरेल, प्लास्टिकच्या, मग ते कायमचं. तुमचा आवाज, तुमच्या पट्टीत. पण त्याला महिना लागेल, आणि तोवर ही टेप वाजवायची नाही. हिच्यात आता दोन-तीन खेपांचाच जीव आहे.

"आन मंडई?" अनसूयाने विचारलं.

"मंडई तोवर होऊन जाईल."

ती उठून पेटीला कापड बांधायला लागली. तिने ठरवून टाकलं होतं. "बाबाचा आवाज ठेवा," मला म्हणाली. "नाटक काय, दुसरे बी करतेत."

मास्तरांनी तिच्या हातातून कापडाचं टोक ओढून घेतलं. मग माझ्या जवळ आले, इतके जवळ की त्यांच्या श्वासाला औषधाचा वास येत होता, आणि एकेक शब्द सुटा करून बोलले. "माही पट्टी म्या आयकली. आता तिची लावा."

"मास्तर, आता बरोबर वाजतंय. खरं जसं गायलात तसं."

"तुमचं बरोबर हाये जी," ते म्हणाले. "तिच्या कामाचं नाई."

मी वाद घातला, खूप घातला. एका कारागिराला बरोबर केलेलं काम हाताने बिघडवायला सांगणं सोपं नाही, आणि माझा स्वभाव पहिल्यापासून हट्टी. पुढच्या वर्षी नाटक करा म्हटलं. पेटीवर जमेल तेवढं शिकवा म्हटलं. अनसूयाही त्यांना नाही नाही म्हणत होती. ते ऐकत राहिले आणि बोटाने यंत्र दाखवत राहिले. शेवटी मी आमच्या एका टेपचा कोरा तुकडा कापला, सरस लावून टोपीभोवती वेढे दिले आणि झिजवलेली जाडी परत आणली. अनसूयाने डोळे पुसत काळी तीन धरली. वेढा कमी-जास्त करत जुळवलं.

मंडईला नाटक झालं, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहायला नको. मी भोंगा घेऊन गेलो होतो. अनसूया पेटीमागे बसून गायली, स्टेजवर पोराने तोंड हलवलं आणि शेवटच्या पदाला बायाबापड्या रडल्या. दुसरी मंडळी त्या गावात आली नाही. काही वर्षांनी तर ती पेटीमागून उठून पुढे उभी राहून गायला लागली आणि पंचांनी तोंडातून ब्र काढला नाही. मला मात्र आजही एक हळहळ आहे. दुसरं यंत्र माझ्याजवळ असतं तर दोन्ही साधलं असतं. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला एकच यंत्र होतं आणि ते माझ्या ताब्यात होतं, याचा मला अभिमान वाटायचा. त्या दिवशी तो उतरला.

तर त्या दुपारी आम्ही गाणं लावलं. अनसूया टेपबरोबर गायली. लय जलद होती, म्हणून मास्तर मांडीवर थाप देऊन तिला सावरत होते. जिथं चुकायची तिथं ते हात वर करायचे, मी थांबवायचो, टेप मागे घ्यायचो, आणि तेवढा भाग पुन्हा झिजायचा. दुसऱ्या खेपेला पहिलं कडवं जवळजवळ गेलं होतं. शब्द विझत चालले होते, मधे एखादा सूर तेवढा उजळायचा. तिसऱ्या खेपेला भोंग्यातून नुसती सळसळ येऊ लागली. चाक फिरत होतं, पट्टी जात होती आणि तिच्यावर काही उरलेलं नव्हतं. मी मास्तरांकडे बघायचं टाळत होतो.

पण अनसूया थांबली नव्हती. तिने डोळे मिटले होते, टेप कोरी पडल्याचं तिला कळलंच नसावं. त्या सळसळीवर ती गात होती, आता सावकाश, मास्तरांच्या थापेवर. "नको उडू पाखरा." "थांब जरा" आलं आणि आवाज वरून असा घसरत आला की मास्तरांची थाप मांडीवर तशीच राहिली.

मी अजून कान देऊन बसलो होतो, की सळसळीत त्यांचा एखादा शब्द तरी निघेल. मास्तरांनी माझ्या खांद्याला हात लावला. यंत्राकडे बोट दाखवून फुसफुसले,

"थे बंद करा, भाऊ. पोरीचं गानं आयकू येऊन नाई राह्यलं."